नाशिकहून लोणार सरोवर: सासूबाई, सहावीतला मुलगा आणि हातात दोन-तीन दिवस. कसं बसवावं?

हिरावाडीकर

नमस्कार मंडळी,

आम्ही पंचवटीत, हिरावाडीला राहतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात यांना शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा मिळतेय. माणसं चार: आम्ही दोघं, सहावीतला मुलगा आणि ६९ वर्षांच्या सासूबाई. गाडी वॅगन-आर, सीएनजीवरची, त्यामुळे डिकीत जेमतेम दोन पिशव्या मावतात.

दरवर्षी आमची सहल ठरलेली. भंडारदरा, नाहीतर सापुतारा. यंदा लेकाने पहिल्यांदा स्वतः ठिकाण सांगितलं. शाळेत उल्का आणि अशनी यांच्यावर प्रकल्प करायचाय, त्यासाठी त्याने कुठेतरी लोणारचा फोटो पाहिला. आकाशातून पडलेल्या दगडाने झालेला खड्डा आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि आपण अजून तो पाहिला नाही, हे त्याच्या पचनीच पडत नाही. रोज रात्री झोपताना एकच विषय.

अडचण सासूबाईंच्या गुडघ्यांची आहे. सपाटीवर त्या हळूहळू अर्धा तास चालतात, पण पायऱ्या नकोत. गेल्या वर्षी सप्तशृंगीला ट्रॉलीने नेलं म्हणून दर्शन झालं. त्यांना घरी ठेवून जायचं मला पटत नाही. सासरे गेल्यापासून त्या कुठे बाहेरच पडलेल्या नाहीत आणि नातू सांगतोय म्हणून या वेळी पहिल्यांदा "मीही येते" म्हणाल्यात.

यांचे एक सहकारी म्हणाले, "काय आहे तिथे? वास मारणारं डबकं. दहा मिनिटांत बघून होतं, त्यापेक्षा वेरूळ, अजिंठा, शेगाव असं करा आणि जाता जाता लोणार उरका." लेकाने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. म्हणून इथे विचारतेय.

१. रस्ता कुठला? समृद्धीने जायचं तर नाशिकवरून कुठे चढायचं?
२. दोन दिवस पुरतात का? की वेरूळ-शेगाव जोडावं?
३. खाली न उतरता सासूबाईंना काही बघायला मिळेल का?
४. राहायचं कुठे, खायचं काय?

ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनी सांगा, उपकार होतील.

सिन्नरचा_सारथी

ताई, रस्त्याचं मी सांगतो. माझं महिन्यातून दोन-तीनदा नागपूरकडे जाणं असतं.

नाशिकवरून पुणे रोडने सिन्नर आणि पुढे गोंद्याला समृद्धीवर चढा. भरवीरला जायला नको, शिर्डीपर्यंतही जायला नको. उतरायचं मेहकरला. तिथून सुलतानपूरमार्गे लोणार. घरापासून सगळं मिळून साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर धरा. पहाटे साडेपाचला निघालात तर थांबत-थांबतही अकरा-साडेअकराला पोचाल. जुन्या रस्त्याने, येवला-वैजापूर-संभाजीनगर-जालना करत गेलात तर दिवस गाडीतच जाईल आणि आजींची कंबर धरेल.

आता जे लोक हसण्यावारी नेतात ते. समृद्धी काँक्रीटचा आहे, सरळ आहे आणि म्हणूनच सांभाळायचा आहे. निघायच्या आदल्या दिवशी चारही चाकांची हवा टायर थंड असताना तपासा. टायर जुने असतील, बाजूला बारीक भेगा दिसत असतील, तर त्या टायरवर जाऊच नका. मी स्वतः ही चूक केलीय. मे महिन्यात भर दुपारी जालन्याच्या अलीकडे मागचा टायर फुटला. वेग नव्वदच्या आत होता म्हणून गाडी हातात राहिली. कारला मर्यादा १२० ची आहे, पण वॅगन-आरमध्ये चार माणसं बसवून तुम्ही ९०-९५ च्या वर जाऊ नका. डावी लेन धरा.

दुसरं म्हणजे झोप. वळण नाही, गाव नाही, गुरं नाहीत, समोर नुसता पांढरा पट्टा. तासाभरात डोळ्यावर झापड येते आणि कळतही नाही. दर दीड तासाने थांबा, खाली उतरा, चालवणाऱ्याने तोंडावर पाणी मारा. बाजूला बसलेल्याने झोपायचं नाही, हा आमच्या गाडीतला नियमच आहे.

सीएनजीच्या भरवशावर राहू नका, पेट्रोलची टाकी नाशिकलाच भरून घ्या. फास्टॅगमध्ये जाण्यायेण्याचे पैसे आधीच टाकून ठेवा. आणि वाटेत ढाबे भरपूर असतील असं समजू नका. दशम्या, चटणी, चहाचा थर्मास घरून. आजींना स्वच्छतागृह लागेल, तर जिथे पंप आणि थांबा दिसेल तिथे गरज नसली तरी जाऊन यायला सांगा. पुढचा कधी येईल याचा नेम नाही.

मेहकरची_माहेरवाशीण

हिरावाडीकर ताई, "डबकं" हा शब्द वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले.

माझं माहेर मेहकर तालुक्यातलं. लग्न होऊन नाशिकरोडला आले त्याला २४ वर्षं झाली, पण दर हिवाळ्यात एकदा तरी लोणारच्या काठावर जाऊन बसते. लहानपणी वडील बैलगाडीने नेत. आई धारेवर अंघोळ करून कमळजादेवीची ओटी भरायची. आम्ही पोरं पाण्यात पाय घालून साबणासारखं बुळबुळीत लागतं म्हणून खिदळायचो. तेव्हा माहीत नव्हतं की ती बुळबुळ म्हणजेच या पाण्याची सगळी गंमत आहे.

आधी वासाचं खरं सांगते. वास आहे. पण तो खाली, पाण्यालगत, चिखलात पाय पडला की येतो. या खड्ड्याला पाणी आत यायला वाटा आहेत, बाहेर जायला एकही नाही. वर्षानुवर्षं पाणी उन्हाने आटतं आणि खार मागे राहतो, शेवाळं तिथेच कुजतं, त्याचा तो वास. काठावर उभं राहिलात तर वाऱ्याला फक्त गवताचा वास असतो. ज्यांना डबकं दिसलं ते दुपारी बाराला आले, गाडीतून उतरून फोटो काढला आणि शेगावच्या वाटेला लागले. त्यात लोणारचा दोष नाही.

तुमच्या लेकासाठी थोडं. काठ ते काठ हा खड्डा जवळजवळ १.८ किलोमीटर आहे. म्हणजे रामकुंडावर उभं राहून सीबीएस बसस्थानकापर्यंतचं अंतर डोळ्यांसमोर आणायचं आणि तेवढ्या मापाची गोल परात जमिनीत दाबून बसवली असं समजायचं. खोली १३५-१४० मीटर, चाळीसेक मजल्यांची इमारत आत उभी राहील. आणि तो खडक कुठला? आपलाच काळा पाषाण. पांडवलेणी ज्यात कोरलीत, ब्रह्मगिरी आणि अंजनेरी ज्याचे आहेत, तोच साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसॉल्ट. म्हणजे तुमच्या लेकाने तो दगड घराच्या खिडकीतून रोज पाहिलेला आहे. फक्त लोणारला त्यावर वरून घाव बसला. अशा काळ्या खडकात घडलेलं आणि इतकं नीट टिकलेलं आघात-विवर जगात शोधून सापडायचं नाही. चंद्रावरची, मंगळावरची कितीतरी विवरं अशाच खडकात आहेत, म्हणून तिकडचे अभ्यासक लोणारचे दगड तपासतात.

पूर्वी सगळे याला ज्वालामुखीचं तोंडच समजत. सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये याची नोंद केली, तरी वाद पुढे दीडशे वर्षं चालला. १९७० च्या दशकात इथे भोकं पाडून खालचा खडक काढला, तेव्हा त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. दगडातल्या स्फटिकाची आघाताने जागच्या जागी झालेली काच ती. ज्वालामुखीत ती होत नाही, तिला तसाच प्रचंड धक्का लागतो. मग वाद मिटला. वयाबद्दल मात्र पुस्तकागणिक वेगळं वाचायला मिळेल, तेव्हा गोंधळू नका. आधी पन्नासेक हजार वर्षं म्हणत, २०११ मध्ये खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय मोजलं तर पाच लाख सत्तर हजारांच्या घरात आलं. प्रकल्पात दोन्ही लिहा आणि दोन्ही का आले तेही लिहा, बाईंना आवडेल.

आता तुमचा खरा प्रश्न. माझं ठाम मत आहे की लोणार "उरकायचं" नाही. त्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ पूर्ण द्या. शेगाव वेगळं करा. तिथे दर्शनाच्या रांगेत किती वेळ जाईल हे आपल्या हातात नसतं, आणि त्या धावपळीत आजींचे हाल होतात.

शनिवारी अकरा-बाराला पोचलात की जेवा आणि झोपा. हो, झोपा. ऊन डोक्यावर असताना खाली उतरायचं नाही. मी हे शिकले ते फार वाईट रीतीने. चार वर्षांपूर्वी भाचीला घेऊन एप्रिलमध्ये सकाळी दहाला उतरले, "तासाभरात वर येऊ" म्हणून एकच बाटली घेतली. खाली वारा लागत नाही, सगळी बाजू तापलेली. चढताना पोरीला भोवळ आली. एका गुराख्याने त्याच्याकडचं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, तेव्हा ती उठून बसली. अजून आठवलं की हात गार पडतात. डिसेंबरात एवढं होत नाही, तरी माणशी दीड लिटर पाणी आणि लेकाच्या डोक्यावर टोपी पाहिजेच.

शनिवारी चारच्या सुमाराला आजींना घेऊन काठावर जा. पर्यटन महामंडळाच्या निवासाजवळून अगदी थोडं चाललं की पूर्ण सरोवर दिसतं, पायऱ्या नाहीत. एक घडीची खुर्ची घरून न्या, छोटी असली तरी चालेल. सूर्य खाली जाताना विवराची एक कड आधी काळी होते, दुसरी कितीतरी वेळ तांबडी राहते, आणि मधलं पाणी हिरवं-करडं होत जातं. मोर ओरडायला लागतात. एका काठावरचा मोर ओरडला की आवाज फिरून परत येतो. आजींना तिथून उठवावं लागेल, बघा.

रविवारी उजाडताच तुम्ही दोघांपैकी एकाने लेकाला घेऊन खाली जायचं, दुसऱ्याने आजींजवळ थांबायचं. गोमुखाकडून, म्हणजे आमच्याकडे जिला धार म्हणतात तिथून, वाट उतरते. धारेचं पाणी गोड आहे, बारमाही वाहतं, आणि खाली सरोवरात गेलं की तेच खारट. लेकाला हे आधी सांगू नका, त्याचं त्याला कळू द्या. उतरायला अर्धा तास, चढायला पाऊण ते एक. अभयारण्य आहे, वानरं पिशवी ओढतात, तेव्हा खाऊ पाठीवरच्या बंद सॅकमध्ये. काठाला वेड्या बाभळी माजल्यात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

एक प्रयोग सांगते. घरीच जाड कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवून न्या. सरोवराच्या पाण्याला टेकवा आणि काय होतं ते पाहा. बाकी तिथलं काही उचलायचं नाही. एक खडासुद्धा नाही. मला ठाऊक आहे, मुलांचा हात खिशाकडे जातो. पण येणाऱ्या प्रत्येकाने एकेक नेला तर अभ्यासाला काय उरणार?

वर आलात की नाश्ता करून गावातलं दैत्यसूदन मंदिर. हे आजींचं. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं देऊळ, बाहेरच्या भिंतींवर मूर्तीच मूर्ती आणि आत छतावर तीच कथा कोरलेली. फार चढण नाही, हात धरला की झालं. टॉर्च न्या, गाभाऱ्यात अंधार असतो. जमल्यास आडवा असलेला मोठा मारुतीही.

राहण्याचं: काठावरच्या महामंडळाच्या निवासात मिळालं तर उत्तम, पण शनिवारचं आजच बघा. गावात साधी लॉजं आहेत. एका लॉजवर आम्हाला फोनवर खालची खोली कबूल केली आणि प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावर नेलं. माझ्या आईने त्या पायऱ्या बसून-बसून चढल्या. म्हणून तळमजला आणि कमोड दोन्ही लेखी मागवून घ्या, मेसेजवर का होईना. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा विचारा. आमच्याकडच्या ठेच्याला जोर असतो, आजींना आधी बोटावर चाखायला द्या.

गोदातीरी

वरच्या काकूंशी बहुतेक सहमत, पण वेरूळ पूर्ण सोडू नका असं माझं म्हणणं. सोमवार मोकळा आहे ना? रविवारी रात्री संभाजीनगरला मुक्काम करा आणि सोमवारी सकाळी कैलास लेणं बघून दुपारी घरी या. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. म्हणजे तुमच्या वारांत वेरूळ बसतं, अजिंठा बसत नाही. कैलास लेणं खालच्या पातळीवर आहे, आजींना अंगणापर्यंत सहज नेता येईल. तोच काळा दगड, तिथे आभाळातून घाव, इथे माणसाच्या छिन्नीचा. मुलाला दोन्ही दिसू दे.

आणखी एक. जायच्या आधीच्या रविवारी निफाड तालुक्यातल्या नांदूरमध्यमेश्वरला एक सकाळ काढा. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, तेच. जानेवारी २०२० मध्ये ते जाहीर झालं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचंही नाव जाहीर झालं. पक्षी ओळखायचा सराव होईल. शेकाट्या, चक्रवाक दोन्हीकडे येतात.

हिरावाडीकर

काकू, तुमचं उत्तर मी रात्री सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. बैलगाडीचं आलं तिथे सासूबाई म्हणाल्या, "परत वाच."

त्यांनीच एक विचारायला सांगितलंय. देवी खाली आहे म्हणजे ओटी कशी भरायची? डोली वगैरे मिळते का? आणि यांचा प्रश्न: २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं ते आता दिसेल का? लेकालाही तेच हवंय.

गोदातीरी दादा, वेरूळचं यांना पटलंय, पण सासूबाई रविवारी किती थकतात ते पाहून ठरवू. नांदूरमध्यमेश्वरला या रविवारी जातोय.

मेहकरची_माहेरवाशीण

त्यांना माझा नमस्कार सांगा.

डोलीच्या नादी लागू नका. वाट दगडधोंड्यांची आहे, उचलणाऱ्याचा पाय घसरला तर काय करायचं? शिवाय अलीकडे पाणी वाढलंय. मी शेवटची गेले तेव्हा ते देवळाला लागलेलं होतं आणि नेहमीची काठाची वाट पाण्यात गेली होती. निघायच्या आधी निवासात फोन करून वाट कुठवर उघडी आहे ते विचाराच. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका ओटीचं सामान घरातल्या तरुण माणसाच्या हाती देतात आणि स्वतः काठावरून पदर पसरून नमस्कार करतात. माझ्या आईने शेवटची सात वर्षं तसंच केलं. देवीला ते चालतं. फक्त प्लास्टिकची पिशवी खाली टाकू नका, खण-नारळ कापडात बांधून द्या आणि देवळापर्यंत पोचता आलं नाही तर सामान परत वर आणा. पाण्यात सोडायचं नाही.

गुलाबी रंगाची आशा मुलाला लावू नका. २०२० च्या जूनमध्ये पाणी खूप आटलं, खार वाढला आणि खारात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले, त्यांच्या रंगाने पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संस्थेने आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने नमुने तपासले होते. पाऊस पडून पाणी पातळ झालं तसा तो रंग गेला. डिसेंबरात तुम्हाला हिरवं दिसेल. तेही सूक्ष्म शैवालाचंच काम.

सिन्नरचा_सारथी

परतीला मेहकरऐवजी बीबी-दुसरबीडवरून सिंदखेडराजाला या आणि तिथे समृद्धी धरा. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा वाडा रस्त्यालगतच आहे. पाऊण तास पुरे. आजींना तिथे नमस्कार केल्याशिवाय नेलंत तर त्यांनाच चुकल्यासारखं वाटेल. आणि अंधार पडायच्या आत निम्मा रस्ता कापा.

हिरावाडीकर

मंडळी, जाऊन आलो. तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, मग काय झालं ते सांगायला हवं.

पावणेसहाला निघालो, दोन थांबे घेतले, बाराला लोणार. सारथी दादा, पुढचा डावा टायर तुमच्या सांगण्यावरून आदल्या दिवशी बघितला तर आतल्या बाजूला चीर होती. बदलूनच निघालो. तुमचे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

महामंडळाच्या निवासात तळमजल्याची खोली मिळाली. दुपारी खरंच झोपलो. साडेचारला काठावर खुर्ची मांडून सासूबाईंना बसवलं. त्यांनी शाल गुंडाळली, हात मांडीवर ठेवले आणि दीड तास एक शब्द बोलल्या नाहीत. मोर ओरडला आणि आवाज फिरून आला तेव्हा फक्त माझ्याकडे बघून हसल्या. काकू, तुम्ही म्हणालात तसंच, उठवावं लागलं.

रविवारी सव्वासातला मी आणि लेक उतरलो. हे वर थांबले. ओटी माझ्या सॅकमध्ये, सासूबाईंनी स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली. धारेवर लेकाने ओंजळ लावून पाणी प्यायलं, "गोड आहे" म्हणाला आणि पुढे पळाला. खाली देवळापर्यंत जाता आलं नाही, पाणी पुढे आलेलं होतं. तिथूनच नमस्कार केला आणि ओटी परत आणली. लेकाला वाईट वाटलं, पण त्याची नजर तोपर्यंत पट्ट्यांवर गेली होती.

हळदीच्या आठ पट्ट्या नेल्या होत्या, जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागच्या जाड कागदाच्या. एका दगडावर उकिडवं बसून त्याने पट्टीचं टोक पाण्याला टेकवलं. आधी काहीच झालं नाही. मग ओल्या कडेपासून पिवळ्यात एक तांबूस रेघ चढायला लागली, आणि मिनिटभरात अर्धी पट्टी विटकरी-लाल. तो ओरडला नाही की काही नाही. दुसरी टेकवली, तिसरी टेकवली, तीच रेघ. मग धारेचं पाणी प्यायच्या बाटलीत भरून आणलं होतं, त्यातलं झाकणात ओतून चौथी बुडवली. ती पिवळीच. माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, हे पाणी वरून गोड आलंय आणि इथे येऊन खार झालंय!" काकू, तुम्ही ते आधी सांगू नका म्हणालात ते किती बरोबर होतं.

चढायला आम्हाला तास लागला. वर पोचल्यावर त्याने धावत जाऊन लाल पट्टी आजीच्या हातात दिली. सासूबाईंनी ती उन्हात धरली, बोटाने चोळली, वास घेतला आणि म्हणाल्या, "अरे, हे तर कुंकू." त्यांचं माहेर करमाळ्याकडचं, केमजवळचं. केमला कुंकवाचे कारखाने आहेत. लहानपणी सुट्टीत मामांकडे गेल्या की हळदीत खार कालवून वाळत घातलेलं बघायच्या, हात लाल करून घ्यायच्या, आणि घरी येऊन ओरडा खायच्या. हे आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. नाश्ता गार होईपर्यंत त्या नातवाला सांगत होत्या, हळकुंड कसं असतं, रंग कधी चढतो, कुठल्या घराण्याचं कुंकू जास्त लाल. ह्यांनाही ते नवीन होतं, आणि ते त्यांचे सख्खे चिरंजीव.

ओटीतला खण दैत्यसूदनाच्या देवळात ठेवला. सिंदखेडराजाला थांबलो. सासूबाईंची कंबर भरून आली म्हणून वेरूळ या वेळी सोडलं, रात्री साडेनऊला घरी. दादा, वेरूळ उन्हाळ्याच्या आधी नक्की.

लाल पट्टीवरून घरी भांडण झालं. सासूबाईंनी ती करंड्यात ठेवली होती आणि लेकाला ती प्रकल्पाच्या वहीत चिकटवायची होती. बाकीच्या दोन लाल पट्ट्या सॅकमध्ये पाण्याने भिजून गेल्या होत्या, तेवढी एकच चांगली उरलेली. शेवटी कात्रीने मधोमध कापली. अर्धी करंड्यात, अर्धी वहीत.

कोऱ्या चार पट्ट्या शिल्लक होत्या. सोमवारी सकाळी मी दूध आणायला निघाले तर तो एक घेऊन मागे लागला, रामकुंडावर चल म्हणून. गोदावरीत बुडवली, मिनिटभर धरली. पिवळीच राहिली. तीही वहीत लावलीय, लोणारच्या अर्धीशेजारी, खाली दोन्ही नद्या-तळ्यांची नावं आणि तारखा लिहून.